घरच्या सुतारकामासाठी टिकाऊ सँडर कोणता घ्यावा? कोल्हापुरात पार्ट मिळतील असा सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी सागवान आणि प्लायचं फर्निचर करायला सुरुवात केलीय, पुढं ओळखीतल्या लहान ऑर्डरी घ्यायच्या आहेत, बजेट आठ हजारांच्या आसपास आहे आणि एकच सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, घ्यायचाय, जो वर्षभरात कपाटावर जाऊन बसणार नाही. दुकानदार म्हणतो, ग्राइंडर आहेच तर त्याला पॉलिश पेपरची डिस्क लावा. आणि आजोबांच्या वेळचा रंगवलेला सागवानी दरवाजा आहे, तोही घासून काढायचाय. मी कोल्हापुरातच फर्निचरचं काम करतो, म्हणून इथल्या बाजाराच्या हिशेबानं लिहितो.

१२५ मिमी, म्हणजे पाच इंची पॅडचा (पॅड म्हणजे पेपर चिकटवायची खालची गोल तबकडी), वेग कमी-जास्त करता येणारा रँडम ऑर्बिटल सँडर घ्या. पण कंपनीचं नाव आणि वॅट बघण्याआधी त्याचं पॅड कोल्हापुरात मिळतं का ते बघा. सँडर टिकतो की नाही हे मोटरपेक्षा त्याच्या खालच्या चार इंचांत ठरतं: पॅड, पॅडचा ब्रेक, बेअरिंग आणि धूळ ओढायची सोय.

आधी ग्राइंडरचं सांगतो, कारण हा सल्ला फार लोकांना मिळतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो आणि त्याची डिस्क एकाच अक्षावर गोल फिरते. त्यामुळं लाकडावर अर्धगोल ओरखडे उठतात. घासताना ते दिसत नाहीत, पॉलिशचा पहिला हात मारला की सगळे वर येतात. सागवानात कडक आणि मऊ पट्टे शेजारी-शेजारी असतात, तिथं ग्राइंडर मऊ पट्टा खाऊन टाकतो आणि फळी हाताला लाटांसारखी लागते. प्लायवरच्या व्हिनियरचा, म्हणजे शोभेच्या लाकडी पापुद्र्याचा, थर तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तो डोळ्यांदेखत उडतो. वर ग्राइंडरला धूळ धरायला काहीच नसतं. तुमचा ग्राइंडर लोखंडासाठीच राहू द्या.

रँडम ऑर्बिटलमध्ये पॅडला दोन हालचाली असतात. मोटर पॅडला दोन-तीन मिलिमीटरच्या बारीक वर्तुळांत हलवते, आणि पॅड स्वतःच्या बेअरिंगवर मोकळं असल्यामुळं ते सावकाश गोलही फिरत राहतं. पेपरवरचा दाणा एकाच वाटेनं पुन्हा-पुन्हा जात नाही, म्हणून ओरखड्यांची ओळ तयार होत नाही. याचा खरा फायदा चौकटीच्या सांध्यावर कळतो. उभी पट्टी आणि आडवी पट्टी जिथं मिळतात तिथं लाकडाची रेषा बदलते. हातानं घासताना एका पट्टीवर तरी आडवे ओरखडे पडतातच. हे मशीन दोन्हींवरून एका दमात जातं.

पॉलिशवाल्यांच्या हातात तुम्ही चौकोनी पॅडचं मशीन पाहिलं असेल. तोही ऑर्बिटलच, पण त्याचं पॅड फिरत नाही, नुसतं थरथरतं. त्याला साधा ९ बाय ११ इंची पेपर चार तुकडे करून लावता येतो, म्हणून खर्च कमी. कोपऱ्यातही तो जातो. पण लाकूड काढण्यात तो बराच सावकाश आहे. ऑर्डरी वाढल्या की दुसरं मशीन म्हणून घ्या, पहिलं म्हणून नको. बेल्ट सँडर जाड फळ्या आणि दरवाजे सपाट करायला उत्तम, पण हात बसलेला नसेल तर क्षणात खड्डा पाडतो. गाड्यांच्या गॅरेजमध्ये हवेवर चालणारा सँडर असतो, हलका आणि छान चालतो, पण तो सलग चालवायचा तर मोठा कंप्रेसर लागतो. घरातल्या छोट्या कंप्रेसरचा दम पुरत नाही.

आता टिकण्याबद्दल.

पॅडच्या खाली वेलक्रोचे बारीक आकडे असतात, त्यांना पेपर चिकटतो. मशीन दाबून चालवलं की तिथं उष्णता तयार होते आणि हे आकडे वितळून बोथट होतात. मग पेपर धरत नाही, चालू मशीनमधून उडून जातो. सगळ्यात आधी संपणारा भाग हाच. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. 'याचं पॅड आत्ता काउंटरवर काढून दाखवा, किती रुपयांना आहे?' असं विचारा. पॅड दुकानात असेल तर त्या मशीनचे ग्राहक गावात आहेत, पार्ट येत-जात आहेत. 'मागवून देतो, आठ-दहा दिवस लागतील' असं उत्तर आलं तर कितीही नावाजलेली कंपनी असो, तुमच्या उपयोगाची नाही. पॅडची भोकं किती तेही बघा. १२५ मिमीत आठ भोकांचा पेपर सगळ्यात सहज मिळतो.

पॅडच्या कडेला लागून रबराची एक कडी असते, तो ब्रेक. पॅड हवेत असताना त्यानं मोटरच्या पूर्ण वेगानं गरगरू नये, एवढंच तिचं काम. कडी झिजली की पॅड हवेत सुसाट फिरतं आणि लाकडावर टेकवल्याबरोबर गोल चरा पाडतं. अनेक जण तेव्हा पेपरला दोष देतात. दुकानात मशीन चालू करून हवेत धरा आणि पॅडकडं बघा. ते सावकाश फिरताना दिसलं पाहिजे. सुरू करताच गरगरायला लागलं तर तो नग घेऊ नका, दुसरा उघडायला सांगा. ही कडी स्वस्त असते, पण सुटी मिळते का हे आधी विचारून ठेवा.

मग बेअरिंग. मशीन बंद असताना पॅड हातानं फिरवा. खरखर लागली किंवा पॅड कडेनं डुगडुगलं तर सोडून द्या. वापरात बेअरिंग मारते ती लाकडाची बारीक धूळ. इथं मात्र आपल्या गावाचा फायदा आहे. ऑइल इंजिन आणि फाउंड्रीच्या जोरावर वाढलेलं हे गाव, शिवाजी उद्यमनगरात बेअरिंग नंबरावर मिळतं आणि आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) भरून देणारेही आहेत. जुनं बेअरिंग सोबत न्या, त्यावरचा पूर्ण नंबर वाचा आणि शेवटची अक्षरंही जुळवून घ्या. जुन्याला दोन्ही बाजूंनी रबराचं सील असेल तर पत्र्याच्या झाकणाचं बेअरिंग बसवून घेऊ नका, आकार तोच असला तरी. पत्र्याच्या झाकणाला फट राहते, त्यातून धूळ आत जाते.

कार्बन ब्रश, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, झिजले की मशीन अडखळतं, आत ठिणग्या जास्त दिसतात. दोन्ही एकदम बदला. मशीन घेतानाच एक जोडी सोबत घेऊन ठेवा. पॅड, ब्रेकची कडी आणि कार्बन हे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत धरत नाहीत, त्यामुळं वॉरंटीच्या महिन्यांवरून मशीन निवडू नका. जीएसटीचं बिल आणि शिक्का मारलेलं कार्ड मात्र घ्याच.

वॅटचं विचाराल तर या आकाराला २५० ते ३०० पुरतात. घरातल्या साध्या पॉइंटवर चालतं, कारण करंट एक-सव्वा अँपिअरच लागतो. बॉशचा जीईएक्स १२५-१ एई २५० वॅटचा आहे, वेग मिनिटाला ७,५०० ते १२,००० फेरे आणि वजन सुमारे १.३ किलो. मकिताचा बीओ५०३० ३०० वॅटचा, पण वेग एकच, १२,०००. त्याचाच भाऊ बीओ५०३१, त्यात वेग ४,००० पर्यंत खाली आणता येतो. डीवॉल्टचा डीडब्ल्यूई६४२३ २८० वॅट, ८,००० ते १२,०००. कामाच्या दर्जात या सगळ्यांत फार अंतर नाही. मी वेगाच्या चाकाला महत्त्व देतो, कारण सीलरच्या, म्हणजे पॉलिशआधी लाकडाची छिद्रं बुजवायच्या लेपाच्या, दोन हातांमध्ये हलकं घासताना पूर्ण वेगावर सीलर तापून पेपरला गोळे धरतात. आणि दहा मिनिटं हातात धरून बघा. ज्याची थरथर मनगटापर्यंत येते तो दिवसभर चालवता येणार नाही, बोटांना मुंग्या येतात. शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत दोन-तीन मशीनं अशी धरून पाहिल्याशिवाय ऑनलाइन घेऊ नका. बिननावाचं स्वस्त मशीन मोटरच्या बाबतीत कदाचित बरं निघेल, पण त्याचं पॅड संपलं की मशीनही संपलं.

आठ हजार सगळे मशीनवर घालवू नका. पेपर, मास्क आणि व्हॅक्यूमला जोडायचा पाइप यांच्यासाठी दीड-दोन हजार बाजूला काढा. व्हॅक्यूम जोडला की तीन गोष्टी एकदम होतात: पेपर भरत नाही, बेअरिंगमध्ये धूळ कमी जाते आणि तुमच्या छातीतही कमी जाते. लाकडाच्या धुळीला कर्करोगाशी संबंधित आंतरराष्ट्रीय संस्थेनं, म्हणजे आयएआरसीनं, १९९५ सालीच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. सागवान आणि शिसवाच्या धुळीनं अनेकांना खाज आणि दमा होतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, सगळ्यात बारीक धूळ त्यातून सरळ आत जाते. एन९५ किंवा एफएफपी२ मास्क लावा. घरात लहान मुलं असतील तर काम गच्चीत किंवा अंगणात करा. मशीनची धुळीची पिशवी रोज रिकामी करा, विशेषतः पॉलिश किंवा सीलर घासल्यावर. तसली धूळ साठून स्वतःहून तापू शकते.

मशीन टिकवायचं असेल तर हाताची सवय महत्त्वाची. दाबू नका. मशीनचं वजन आणि तुमच्या हाताचं वजन, बस्स. सेकंदाला साधारण एक इंच एवढ्या सावकाश सरकवा. कडेला आलात की मशीन तिरकं करू नका, पॅडचा बराचसा भाग लाकडावरच राहू दे. पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. ८० नंबरपासून सुरू केलात तर १२०, मग १८०, मग २२०. मधला नंबर गाळला तर ८० चे ओरखडे २२० नं जात नाहीत, फक्त चकाकतात. रंध्यानं नीट साफ केलेल्या फळीला १२० पासूनच सुरुवात करा, व्हिनियरला १८० पासून. प्रत्येक नंबरच्या आधी फळीवर पेन्सिलीनं पुसट रेघोट्या मारा. सगळ्या गेल्या म्हणजे सगळीकडं पॅड फिरलं. मग मोबाइलची टॉर्च फळीला टेकवून आडवी धरा, उरलेलं सगळं दिसतं. शेवटच्या नंबरच्या आधी ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, उठलेले तंतू हलक्या हातानं घासा. स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावायचा असेल तर २२० च्या पुढं जाऊ नका. लाकूड फार गुळगुळीत झालं की रंग पीत नाही.

सागवानात तेल असतं, पेपर लवकर भरतो. पांढरट लेप असलेला पेपर मागा, तो कमी भरतो. भरलेला पेपर फेकायच्या आधी चालू मशीनच्या पॅडवर जुन्या चपलेच्या क्रेप सोलचा तुकडा टेकवा, साठलेला लगदा त्याला चिकटून निघतो. आणि जुलै-ऑगस्टच्या आपल्या पावसात पेपर उघड्यावर ठेवलात तर तो वाकडा होतो, दाणे सुटतात. झाकणाच्या डब्यात ठेवा.

राहिला आजोबांचा दरवाजा. त्याला थेट सँडर लावू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याकडं घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. असा रंग सुका घासला की शिशाची धूळ घरभर बसते, आणि ती लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. दरवाजा बिजागरीतून काढून बाहेर न्या, खाली प्लास्टिक अंथरा, पेंट रिमूव्हर लावून रंग ओला असतानाच पत्तीनं खरवडा आणि निघालेला रंग पिशवीत बांधून टाका. रिमूव्हरला जाड रबरी हातमोजे आणि मोकळी हवा हवीच, त्याच्या वाफेला धुळीचा मास्क उपयोगाचा नाही. मग खिळे शोधून काढा, जुन्या लाकडात डोकी आत गेलेले खिळे असतात आणि एकच खिळा पॅड फाडतो. लाकूड पूर्ण उघडं पडलं की मास्क लावून १२० नंबरपासून सँडर चालवा. कोरीव पट्टी मात्र हातानंच घासा, पेपरची घडी करून, रेषेच्या दिशेनं.