सहा लाखांची एफडी मोडून मुलाला दारूतून सोडवावं का?

प्रश्न : वय ५४, शिरोली एमआयडीसीत नोकरी, निवृत्तीला चार वर्षं. मुलगा २३ वर्षांचा, दीड वर्ष रोज दोन क्वार्टर पितो. तीन ॲपवरून घेतलेलं १,३५,००० रुपयांचं कर्ज त्याच्या नावावर आहे, तिन्हींचा मिळून हप्ता ११,४००. एक व्यसनमुक्ती केंद्र महिना २५,००० प्रमाणे सहा महिन्यांचे दीड लाख आगाऊ मागतंय. माझ्या एकट्याच्या नावावर ६ लाखांची तीन वर्षांची एफडी आहे (७ टक्के, १४ महिने झाले). ती मोडून केंद्राचे पैसे भरावेत, कर्ज फेडावं आणि उरलेल्यात त्याला मोबाईलचं दुकान टाकून द्यावं, असं घरचे म्हणतात. मुलगी बारावीत आहे. काय करू? (एक वाचक, हातकणंगले)

उत्तर : एफडी मोडू नका. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायची सोय, आणि मर्यादा १,७५,००० च ठेवा. बँका साधारण एफडीच्या दरावर एक ते दोन टक्के जास्त घेतात, व्याजही उचललेल्या रकमेवरच लागतं. सगळी मर्यादा वर्षभर वापरली आणि फरक दोन टक्के धरला, तरी निव्वळ खर्च ३,५०० च्या आसपास. मोडली तर १४ महिन्यांच्या मुदतीचा दर मिळेल आणि वर दंड कापला जाईल. तो दर पावणेसात आणि दंड एक टक्का धरला, तर पावणेनऊ हजार गेले. पण खरी भीती व्याजाची नाही. ६ लाख बचत खात्यात मोकळे पडले, की ते मागणारा माणूस घरातच आहे.

आता केंद्र. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरू नका, केंद्र कितीही चांगलं असलं तरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाचे आजारही येतात. स्वतःहून दाखल झालेला सज्ञान माणूस सहसा सुट्टी मागून बाहेर पडू शकतो, आणि त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करून ठेवण्याला पहिली मर्यादा ३० दिवसांची आहे. मुलगा चाळिसाव्या दिवशी घरी आला तर उरलेल्या पैशांचं काय, हे केंद्राकडून लिहून घ्या. केंद्राची नोंदणी, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि घरच्यांना भेटू देतात का, हेही विचारा. ‘आम्ही गाडी पाठवून उचलून आणतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत या. साखळीने बांधणं त्याच कायद्याने बंद आहे.

त्याआधी एक सूचना, पैशांची नव्हे. रोज ३६० मिली पिणाऱ्याची दारू घरी कोंडून एकदम तोडू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. सुरुवात सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागातून करा. सरकारी दवाखान्यात हा टप्पा स्वस्तात निभतो. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. सरकारी अनुदानावरची केंद्रं तिथे विचारा, तिथले उपचार मोफत असतात. मेडिक्लेमवर विसंबू नका. व्यसनाचा उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो.

माझा हिशेब असा. केंद्राचा पहिला महिना २५,०००, डॉक्टर म्हणाले तर दुसरा २५,०००. पुढचे दहा महिने ओपीडी, गोळ्या आणि एसटी भाड्याला दरमहा ४,०००, म्हणजे ४०,०००. आणि ५०,००० बाजूला, पुन्हा प्यायला लागला तर. घरात हे बोलायला जीभ रेटत नाही, पण पाय घसरणं या आजारात नेहमीचं आहे. एकूण १,४०,०००. केंद्राला आगाऊ द्यायच्या रकमेपेक्षा कमी, आणि वर्षभर पुरणारे.

ॲपचं कर्ज कायद्याने तुमचं नाही, तुम्ही जामीनदार वा सहकर्जदार नसाल तर. तरी दंड चढू नये म्हणून तीन महिने हप्ते तुमच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा, म्हणजे ३४,२००; मर्यादेत तेही बसतात. मुलाच्या हातात किंवा एजंटच्या यूपीआयवर रुपयाही नको. एकदम फेडलंत तर ॲपवर लिमिट पुन्हा मोकळं होतं, आणि पंधरा दिवसांत नवं कर्ज उभं राहतं. तीन महिने कोरडे गेले की एकेक बंद करा, एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) घ्या, लिमिट रद्द करायला लावा. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर आले तर वेळेसह लिहून ठेवा. ते रिझर्व्ह बँकेच्या नियमाविरुद्ध आहे.

दुकान आत्ता नको. दुकान म्हणजे रोज संध्याकाळी गल्ल्यात रोकड, आणि नेमकी तीच त्याची प्यायची वेळ. ‘धंद्यात अडकला की सुधारेल’ हे ‘लग्न केलं की सुधारेल’चंच भावंड. वर्षभर नीट राहिला तर आधी महिन्याच्या पगाराची नोकरी. ओव्हरड्राफ्टमागे अडकलेली रक्कम सोडली तरी एफडीत सव्वाचार लाख उरतात. त्यांवर पहिला हक्क मुलीच्या प्रवेशाचा.

या आठवड्यात एवढं करा. घरचा ऊस कारखान्याला जात असेल आणि ऊसबिलाच्या खात्यात मुलाचं नाव असेल तर तुम्हा दोघा नवरा-बायकोच्या नावाने नवं खातं काढा आणि कारखान्याच्या गट ऑफिसात तो नंबर द्या. दूध संस्थेचं बिल तो रोखीने आणत असेल, तर सचिवांना सांगून तेही खात्यावर घ्या. त्याच्या खर्चासाठी यूपीआय सर्कलमध्ये (तुमच्या खात्यातून त्याला यूपीआयने पैसे देता येतात ती सोय) त्याला जोडा, पण प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी लागेल असा पर्याय निवडा. दुसऱ्या पर्यायात महिना १५,००० पर्यंत तो तुम्हाला न विचारता उडवू शकतो.