पथारीवरची मिरची आणि कर लेखापरीक्षण

प्रश्न : शेतकऱ्यांकडून ओली लाल मिरची घेऊन मी ती पथारीवर, म्हणजे उघड्या मैदानावर पसरून, वाळवतो आणि मसाला कारखान्यांना विकतो. यंदा उलाढाल सव्वाचार कोटींवर गेली. विक्रीचे सर्व पैसे बँकेत येतात, शेतकरी मात्र रोखच मागतात. १० कोटींपर्यंत लेखापरीक्षण लागत नाही, हे खरे काय? रोख खरेदीवर आक्षेप येईल काय?
— एक व्यापारी, नंदुरबार

उत्तर : आपल्याला लेखापरीक्षण करून घ्यावेच लागेल. १० कोटींची मर्यादा मिळण्यासाठी वर्षभरात आलेल्या आणि दिलेल्या अशा दोन्ही रकमांमध्ये रोखीचा वाटा प्रत्येकी ५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. आपल्याकडे आलेल्या रकमा या अटीत बसतात, दिलेल्या बसत नाहीत, म्हणून मर्यादा १ कोटीचीच राहते.

एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च सहसा अमान्य होतो. मात्र शेतमाल पिकवणाऱ्यालाच त्याच्या मालाचे पैसे दिले असतील, तर आयकर नियम ६डीडीनुसार सूट आहे. खेडा खरेदी करून, म्हणजे गावोगावी माल विकत घेऊन, तो आणून देणाऱ्या मध्यस्थाला दिलेल्या रोखीवर ती मिळत नाही, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते. प्रत्येक काटापट्टीवर (वजनाच्या पावतीवर) शेतकऱ्याचे नाव, गाव, वजन, भाव आणि सही किंवा अंगठा असावा. नेहमीच्या शेतकऱ्यांचे सातबारा उतारेही जवळ ठेवावेत. ‘किरकोळ शेतकरी’ अशा एका नावावर दिवसाची सगळी खरेदी टाकू नये.

याहून नाजूक प्रश्न वाळताना वजनात येणाऱ्या घटीचा आहे. लेखापरीक्षणाच्या ३सीडी या तपशीलवार अहवालात आरंभीची शिल्लक, खरेदी, विक्री, अखेरची शिल्लक व घट वजनानिशी दाखवावी लागते. ओली मिरची वाळून किती उतरली हे हंगामानंतर आठवणीने लिहिलेले कोणी मानत नाही. त्यासाठी ढीगवार वही ठेवून त्यात ओले वजन, पसरल्याची तारीख, भरतेवेळचे सुके वजन आणि बाजूला काढलेली फटकी (रंग उडालेली मिरची) यांची नोंद त्याच दिवशी करावी. अवकाळी पावसात माल भिजला असेल, तर त्या तारखेचा पंचनामा किंवा निदान छायाचित्रे जपावीत.

अहवालाची मुदत साधारणतः ३० सप्टेंबर असते. ती चुकल्यास उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढा दंड होऊ शकतो. गोणीभर चिठ्ठ्या घेऊन शेवटच्या आठवड्यात सनदी लेखापालांकडे जाण्यात शहाणपण नाही. जूनमध्येच रोकडवही तपासून घ्यावी: बँकेतून रक्कम काढल्याची नोंद दुसऱ्या दिवशी आणि शेतकऱ्यांना वाटल्याची आदल्या दिवशी पडली असेल, तर शिल्लक उणे दिसते, आणि ते पैसे कोठून आले याचा खुलासा आपल्यालाच करावा लागतो.