डबच्या तबकड्या, पावसाळा आणि उडणारी सुई

प्रश्न : डबच्या (रेगेतून निघालेल्या, बेसवर भर असलेल्या जमैकन संगीताच्या) नव्या तबकड्या मागवतो. पावसाळ्यात त्यांना बुरशी येते आणि मोठ्या आवाजात बेस लागला की सुई उडते. उपाय सांगा. (एक डीजे, मालवण)

उत्तर : बुरशीचं मूळ बहुधा कागदी आतल्या पाकिटात असतं, ते ओल धरतं. ते फेकून पॉलिथिनचं घाला. तबकडी डिस्टिल्ड वॉटर आणि मायक्रोफायबर कापडाने खाचांच्या दिशेने पुसा, लेबल भिजवू नका. पूर्ण सुकल्याशिवाय पाकिटात घालायची नाही. तबकड्या उभ्या ठेवा, कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

सुई उडते ती बहुतेकदा फीडबॅकमुळे, म्हणजे स्पीकरचाच आवाज सुईतून परत स्पीकरकडे फिरत राहिल्यामुळे. मोटर बंद करून सुई थांबलेल्या तबकडीवर ठेवा आणि आवाज हळूहळू चढवा. घुमणारा आवाज आपोआप वाढत गेला, तर स्पीकरचा हादरा सुईपर्यंत पोचतोय. सबवूफर (बेसचे मोठे स्पीकर) टर्नटेबल असलेल्या लाकडी स्टेजवर नकोत. टर्नटेबलखाली जड फरशी आणि तिच्याखाली रबर घाला. जांभ्याचा चिरा सहज मिळतो, पण त्याची लाल धूळ खाचांत बसते, तेव्हा कडप्पाच बरा. सुईचा भार उत्पादकाने सांगितलाय तेवढाच ठेवा. डीजेच्या बऱ्याच सुयांना तो ३ ग्रॅमच्या आसपास असतो. सुई उडू नये म्हणून तिच्यावर नाणं चिकटवलंत तर खाचा झिजतील.

जमैकन ७ इंची तबकडीचं मधलं भोक मोठं असतं, त्यात बसवायचा ॲडॅप्टर जवळ ठेवा.