कप तिच्या नावाचा

'ताई, मे महिनाभर आमसुलांना पुटं देता देता मोबाइलवर एक प्रेमकादंबरी ऐकली. एका जुळीच्या जागी दुसरी नांदायला जाते आणि नवऱ्याला कित्येक महिने पत्ताच नाही! मी स्वतः जुळी, आमचे चेहरे अगदी सारखे. इतका राग आला, की अर्ध्यातच बंद केली. आम्ही काय अदलाबदल करायच्या वस्तू आहोत? गंमत म्हणून आम्हीही केली आहे, नववीत वक्तृत्व स्पर्धेत तिच्या जागी मी बोलले आणि तिच्या नावावर कप आला. पण संसार ही गंमत आहे का? चिपळूणला दिलेल्या माझ्या बहिणीलाही ती पाठवली. तिने पूर्ण ऐकली, पण बोलली काहीच नाही. ती पहिल्यापासून अबोलच. माझा राग चुकीचा आहे का?'
– गुहागरची एक श्रोती

राग बरोबर आहे तुझा. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा वेगळे असतात, पोटात असतानाच ते वेगळे उमटतात. चालणं, खोकणं, भांडं खाली ठेवण्याची रीत तर राहूच दे. महिनोन् महिने ज्याला कळलं नाही, तो बायकोकडे बघतच नव्हता. त्याचा विषय संपला.

मी पत्र पुन्हा वाचलं ते कपासाठी.

तू बोलत होतीस तेव्हा ती कुठे होती? बाकावर तुझं नाव घेऊन बसली होती? टाळ्या पडल्या त्या तिच्या नावाला, आणि बक्षीस घ्यायला कोण गेलं? यातलं काहीच तू लिहिलं नाहीस. पुढचं मात्र मला दिसतं, कारण शाळा सगळीकडे सारख्याच. बाईंनी तिला वर्गासमोर उभं केलं असणार, 'बोल गं चार वाक्यं.' मग 1 ऑगस्टला टिळकांवर भाषण, 15 ऑगस्टला भाषण, स्नेहसंमेलनात आभार, सगळीकडे तिचंच नाव पुढे. जे जमत नव्हतं तेच माथी आलं. आणि जमत नाही हे ती सांगणार कुणाला? सांगितलं असतं तर तू पकडली गेली असतीस.

'पहिल्यापासून अबोल' म्हणतेस. नीट आठव, आठवीपर्यंत ती कशी होती.

तिनेच गळ घातली असेल, 'माझ्या जागी तू जा' म्हणून. असेलही. घाबरलेल्या पोरीने त्या दिवशी मागितलं, म्हणून पुढचं सगळं तिला झेपलं असं होत नाही.

तू ऐकलेल्या कादंबरीत दोघी बहिणींची वाक्यं बहुधा एकच बाई वाचत असेल. तुमच्या दोघींत ते काम तू करतेस, मला तुझ्या पत्रावरून तसंच दिसतं. 'आम्ही काय वस्तू आहोत', 'आम्हीही गंमत केली'. तुला गंमत वाटली, हे कळलं. तिला वाटली का, हे अख्ख्या पत्रात कुठेच नाही. आणि जी गोष्ट तुला अर्धीसुद्धा ऐकवली नाही, ती तिने शेवटपर्यंत ऐकली. या एका गोष्टीने मला अस्वस्थ केलं, आणि तुला कसं केलं नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

तेव्हा पाऊस धरायच्या आत चिपळूणची एसटी पकड. मुलांना घरी ठेव. फोनवर हे उरकू नकोस, फोनवर पुन्हा तूच बोलशील. एकच विचार, 'त्या कपानंतर शाळेत तुझं काय झालं गं?' आणि गप्प बस. ती उठेल, चहाचं आधण ठेवेल, कपडे काढायला गच्चीवर जाईल. तू वाक्य पुरं करू नकोस, स्वतःची बाजू मांडू नकोस, 'अगं, तूच तर म्हणाली होतीस' हे तर अजिबात नको. 'काही नाही गं, गंमतच होती' म्हणाली, तरी लगेच सुटल्यासारखी हसू नकोस.

आणि मुक्कामाच्या तयारीनेच जा. परतीच्या गाडीवर नजर ठेवून हे विचारायचं नसतं.