लेकराच्या छातीत दुखतंय, हे लसीमुळं का?

प्रश्न: डॉक्टर साहेब, मुलगा वीस वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. मागच्या आठवड्यात ताप येऊन गेला, आता १६०० मीटर पळताना छातीत दुखतं म्हणतो. जानेवारी २०२२ मधे शाळेत कोव्हॅक्सिन घेतली होती. गावात सगळे म्हणतात लसीनं हार्टला सूज येते. लई भीती वाटायली.
– एक आई, गंगाखेड

उत्तर: ताई, आधी एक काम करा, त्याचं पळणं आजच बंद करा. लसीचं नंतर बोलू.

ताप येऊन गेल्यावर छातीत दुखत असेल तर माझ्या डोक्यात पहिला संशय त्या तापाचाच येतो. काही व्हायरस हृदयाच्या स्नायूला सूज आणतात, त्याला मायोकार्डायटिस म्हणतात, आणि अशा सुजलेल्या हृदयावर जोरात पळालं तर ठोके बिघडून जिवावर बेतू शकतं. त्याला तेच झालंय असं मी इथं बसून म्हणणार नाही, पण तपासल्याशिवाय ग्राउंडवर पाठवायचं नाही म्हणजे नाही. परभणीला नेऊन ईसीजी, टू डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी करून घ्या. ईसीजी नॉर्मल आला म्हणून तेवढ्यावर परत येऊ नका. सूज निघालीच तर साधारण तीन ते सहा महिने पळणं, जिम, गोळाफेक सगळं बंद ठेवावं लागतं. भरती हुकेल म्हणून पोरं दुखणं लपवतात, ते मला माहितीय, म्हणून हे त्याला शेजारी बसवून वाचून दाखवा.

आता लसीचं. गावातले बोलतात ते हवेतून आलेलं नाही. फायझर, मॉडर्ना या कोरोनाच्या एमआरएनए लसींनंतर (यांच्यात विषाणू नसतो, त्याचा एक भाग शरीरानं बनवावा अशी सूचना असते) २०२१ मधे इस्रायल, अमेरिकेत मायोकार्डायटिसच्या केसेस सापडल्या, क्वचित, जास्त करून तरुण पोरांत, दुसऱ्या डोसनंतर आठवडाभरात, आणि बहुतेक जण बरेही झाले. कोव्हॅक्सिन त्या प्रकारातली नाही, तिच्यात मारलेला विषाणू असतो, आणि इतक्या वर्षांनी उठलेलं दुखणं त्या डोसला जोडायला काही आधार नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं १८ ते ४५ वयात अचानक गेलेल्या लोकांचा अभ्यास केला, त्यातही लसीनं धोका वाढलेला दिसला नाही. घरात कुणी असं अचानक गेलेलं असणं, बेसुमार दारू, ताकदीबाहेरचा व्यायाम, ही कारणं मात्र दिसली. तेव्हा तुमच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

आणि बसल्याजागी दम लागला, धडधड थांबेना किंवा चक्कर येऊन पडला तर सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी १०८ ला फोन लावा.