वाचकांचे प्रश्न: बातमी छापण्याआधी आणि छापल्यानंतर

प्रश्न : अंबाझरी तलाव ओसंडून रस्त्यावर पाणी आल्याचा व्हिडिओ ग्रुपवर आला. तो आजचाच आहे, हे बातमीदार कसं ठरवतात? – एक वाचक, धरमपेठ

आधी तो जुना आहे का, हे बघतात. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे हाच तलाव ओसंडून नाग नदीला आलेल्या पुराने नागपुरात हाहाकार उडाला होता. त्या दिवसाची दृश्यं अजून अनेकांच्या मोबाइलमध्ये आहेत आणि जोराचा पाऊस झाला की ती 'आत्ताची' म्हणून सहज फिरू शकतात.

पहिलं काम म्हणजे व्हिडिओ कोणी काढला, हे शोधणं. वॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की फाइल लहान होते आणि चित्रीकरणाची मूळ माहिती बहुधा उरत नाही. म्हणून काढणाऱ्याकडूनच मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावी. व्हिडिओवर दुहेरी बाण दिसला, तर तो बऱ्याच हातांतून आलाय आणि मूळ माणूस सापडणं अवघड आहे.

मग व्हिडिओ थांबवून तीन-चार स्पष्ट चित्रं काढावीत आणि गूगल लेन्सवर (चित्रावरून इंटरनेटवर तसंच चित्र शोधणाऱ्या सोयीवर) टाकावीत. जुन्या तारखेला तेच दृश्य सापडलं तर विषय संपला. पण नाही सापडलं म्हणजे व्हिडिओ नवा, असं मुळीच नाही. घाईत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. दुकानांच्या पाट्या वाचाव्यात, गाड्यांचे नंबर बघावेत. एमएच-31, एमएच-49 किंवा एमएच-40 हे नागपूरचे क्रमांक एकाही गाडीवर नसतील, तर गाव दुसरंच असण्याची शंका घ्यावी. वरून मेट्रो धावताना दिसली, तर चित्रण 2019च्या आधीचं नाही. आवाज चालू ठेवून बघावं, लोक काय बोलतायत तेही ऐकावं.

हवामान खात्याचा पावसाचा आकडा सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांचा असतो. सोनेगावच्या वेधशाळेत कमी नोंद झाली म्हणून अंबाझरीकडे पाऊस झालाच नाही, असं म्हणता येत नाही. म्हणून अग्निशमन दलाला फोन आणि त्या वस्तीतल्या माणसाला फोन, दोन्ही हवेत. एकाच ग्रुपवरून दोघांना आलेला व्हिडिओ म्हणजे दोन सूत्रं नव्हेत. आवृत्ती सुटायची वेळ झाली आणि खात्री पटली नाही, तर व्हिडिओतलं काहीही न वापरता पक्की माहिती तेवढी छापावी.

प्रश्न : आमच्या दुकानाबद्दल एका दैनिकात चुकीची बातमी आली. फोन केले, कोणी दाद देत नाही. – एक व्यापारी, इतवारी

फोनची नोंद राहत नाही, संपादकांना लेखी पत्र द्या. संपादकांचं नाव अंकातल्या मुद्रक-प्रकाशकाच्या बारीक ओळीत मिळेल. तारीख, आवृत्ती, पान, मथळा लिहून चुकीचं वाक्य जसंच्या तसं उतरवा. त्याखाली खरं काय ते आणि पुरावा. 'बातमी खोटी व बदनामीकारक आहे' एवढंच लिहिलेलं पत्र डेस्कवर (बातम्या संपादित करणाऱ्या विभागात) पडून राहतं, कारण दुरुस्त नेमकं काय करायचं ते त्यात नसतं.

दखल घेतली नाही, तर दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैधानिक संस्थेकडे, तक्रार करा. दैनिकासाठी मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने आहे, ती उत्तराची वाट बघण्यात घालवू नका. कात्रण, त्याचं इंग्रजी भाषांतर, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार आणि हे प्रकरण न्यायालयात नाही असं निवेदन जोडा. कौन्सिल ताशेरे ओढू शकते, दंड किंवा भरपाई देऊ शकत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. पहिल्या पानावर झालेल्या चुकीचा खुलासा आतल्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळींत उरकणं हा अन्याय आहे. वेबसाइटवरची बातमी तर गुपचूप बदलूच नये. काय बदललं आणि कधी, हे तिथेच लिहावं.

प्रश्न : लहान मुलीवरील अत्याचाराच्या बातमीत मोहल्ल्याचं नावही का देत नाहीत? – एक वाचक, महाल

पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या कलम 23 नुसार मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीच प्रसिद्ध करता येत नाही. आरोपी नात्यातला असेल, तर त्याचं नाव छापलं की मुलीचीही ओळख पटते. शिवाय एका पेपरने नातं दिलं आणि दुसऱ्याने वस्ती दिली, तर शेजारी दोन्ही जोडून घर ओळखतात. म्हणून डेस्कने इतरांनी काय छापलंय तेही बघूनच आपल्या बातमीतले तपशील गाळावेत.