आयातशुल्काचा भार नेमका कोणावर?

प्रश्न : अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क वाढवले तेव्हा एका वाहिनीवर ‘हा पैसा भारतीय निर्यातदाराच्या खिशातून जाणार’ असे सांगत होते, तर दुसरीवर ‘तो अमेरिकी ग्राहकच भरणार’ असे. दोन्हीकडचे तज्ज्ञ तितक्याच ठामपणे बोलत होते. संशोधनातून याचा निकाल लागू शकतो का, की तेथेही शेवटी ज्याचे त्याचे मतच असते?
— वाणिज्य शाखेच्या एक शिक्षिका, सांगली

उत्तर : निकाल लागू शकतो, आणि २०१८ साली लागू झालेल्या शुल्कांपुरता तो बऱ्याच अंशी लागलेलाही आहे. कायद्याने शुल्क भरतो तो अमेरिकेतला आयातदार. माल बंदरातून सोडवून घेताना ती रक्कम त्याच्याकडूनच अमेरिकी सरकारच्या तिजोरीत जमा होते. वाद असतो तो त्यापुढचा. हा आयातदार ती रक्कम परदेशी विक्रेत्याला भाव पाडायला लावून वसूल करतो, ग्राहकासाठी किंमत वाढवून वसूल करतो, की स्वतःच्या नफ्यातून सोसतो?

२०१८ मध्ये अमेरिकेने आधी वॉशिंग मशीन व सौर पॅनेल, मग पोलादावर २५ टक्के व ॲल्युमिनियमवर १० टक्के, आणि जुलैपासून चिनी मालाच्या एकामागून एक याद्या अशा टप्प्याटप्प्याने शुल्क लावले. त्यामुळे संशोधकांना तुलनेची सोय झाली, कारण एकाच सुमारास काही वस्तूंवर शुल्क होते आणि त्यांच्यासारख्याच इतर काहींवर नव्हते. अमेरिकेच्या सीमाशुल्क नोंदींमध्ये मालाची किंमत शुल्क वगळून लिहिलेली असते. भार परदेशी विक्रेत्याने उचलला असता, तर शुल्क लागलेल्या मालाची ही मूळ किंमत इतर मालाच्या तुलनेत खाली आलेली दिसली असती. मेरी अमिटी, स्टीफन रेडिंग आणि डेव्हिड वाइनस्टाइन यांनी २०१९ मध्ये, आणि पाब्लो फायगेलबॉम, पिनेलोपी गोल्डबर्ग, पॅट्रिक केनेडी व अमित खंडेलवाल यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ती खाली आलेली आढळली नाही. जवळजवळ सगळा भार अमेरिकेच्या सीमेच्या आत राहिला होता. दुसऱ्या गटाच्या हिशेबाप्रमाणे आयात माल घेणाऱ्या अमेरिकी ग्राहकांचे व उद्योगांचे नुकसान ५१ अब्ज डॉलरचे होते. सरकारला मिळालेला महसूल आणि देशी उत्पादकांचा फायदा त्यातून वजा केला, तर देशाचे निव्वळ नुकसान सुमारे ७.२ अब्ज डॉलर एवढेच उरते. वाहिन्यांवर यांपैकी कोणताही एकच आकडा उचलून चर्चा करता येईल, पण या दोन आकड्यांमधले अंतर हेच मला अधिक बोलके वाटते, कारण देशाच्या आत कोणाकडून काढून कोणाला किती दिले गेले, ते त्यातून दिसते.

मात्र सीमा म्हणजे दुकान नव्हे. अल्बर्टो कावालो, गीता गोपीनाथ, ब्रेंट नायमन आणि जेनी टँग यांनी दुकानांतल्या किमती तपासल्या, तेव्हा बंदरात जेवढा भार दिसत होता तेवढा तो दुकानातल्या किमतीवर दिसेना; काही काळ बराच भाग विक्रेत्यांनी आपल्या नफ्यातून सोसला होता. पोलादाच्या बाबतीत तर साधारण वर्षभराने परदेशी उत्पादकांनी भाव उतरवले आणि सुमारे निम्मा भार त्यांच्याकडे गेला. म्हणून ‘भार कोणावर’ या प्रश्नाचे उत्तर देताना कोणता माल, कोणते ठिकाण आणि किती काळानंतर, हे सांगितल्याशिवाय कोणी आकडा फेकला, तर त्यावर विसंबू नये.

वर्गात शिकवण्यासाठी वॉशिंग मशीनचे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटते. ॲरन फ्लाएन, अली होर्ताचसू आणि फेलिक्स टिंटेलनॉट यांना आढळले, की शुल्कानंतर या यंत्रांच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या. कपडे वाळवण्याच्या यंत्रांवर शुल्क नव्हतेच, तरीही त्यांच्या किमती जवळपास तेवढ्याच चढल्या, कारण अमेरिकेत ही दोन यंत्रे सहसा जोडीने विकली जातात आणि विक्रेत्यांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. केवळ शुल्क लागलेल्या वस्तूकडे पाहणाऱ्याच्या हातून हा अर्धा परिणाम निसटला असता. नव्या नोकऱ्या सुमारे १,८०० निर्माण झाल्या, पण सरकारला मिळालेले शुल्क वजा करूनही त्यातल्या एकेका नोकरीसाठी ग्राहकांना वर्षाला सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर मोजावे लागले.

प्रश्न : मी मुंबईत सीप्झ या निर्यातीसाठीच्या विशेष क्षेत्रातल्या एका दागिन्यांच्या कारखान्यात पर्यवेक्षक आहे. भार अमेरिकी ग्राहकावर पडतो असे आपण म्हणता, तर मग शुल्क लागताच आमच्या ऑर्डरी का आटल्या? आमच्या कारागिरांना हे संशोधन कसे पटवून द्यायचे?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : आपला अनुभव संशोधनाच्या विरोधात जात नाही. किमतीचा भार कोणी उचलला हा एक प्रश्न, आणि माल किती विकला गेला हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘अमेरिकी ग्राहक’ असे असले, तरी वाढलेल्या किमतीला तो कमी माल घेतो किंवा दुसरीकडून घेतो, आणि ज्याचा माल राहून गेला त्याचे नुकसान खरेच असते. एका नगाचा भाव टिकून राहिला याचे समाधान कारखान्यात काम उरले नसताना कोणालाही वाटणार नाही.

शिवाय शुल्क सर्व देशांवर सारखे आहे की एकट्या आपल्यावर जास्त, यावर पुष्कळ अवलंबून असते. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून, रशियन खनिज तेलाच्या खरेदीचे कारण देऊन, आणखी २५ टक्के शुल्क लागू झाले. औषधे आणि स्मार्टफोन त्यातून वगळले होते, दागिने वगळले नव्हते. त्याच सुमारास थायलंडसाठी दर १९ टक्के आणि तुर्कस्तानसाठी १५ टक्के ठरला होता. हे दोन्ही देश दागिने घडवतात. न्यूयॉर्कच्या घाऊक खरेदीदाराला तसाच माल तेथून मिळत असेल, तर तो आपल्याकडे भाव उतरवून मागणार किंवा ऑर्डर तिकडे वळवणार, हे उघड आहे. २०१८ नंतर चीनच्या वाट्याची अमेरिकी मागणी व्हिएतनाम आणि मेक्सिकोकडे वळली, तीही याच हिशेबाने.

वर उल्लेखलेल्या कावालो-गोपीनाथ गटाच्या अभ्यासात आपल्याला लागू पडणारा एक भाग आहे. चीनने प्रत्युत्तरादाखल अमेरिकी मालावर शुल्क लावले, तेव्हा अमेरिकी निर्यातदारांना भाव उतरवावे लागले, आणि ते विशेषतः शेतमालाच्या बाबतीत, कारण सोयाबीन अमेरिकेचे असो की ब्राझीलचे, गिरणीला त्यात फारसा फरक नसतो. ज्याच्या मालाला जागा घेणारा दुसरा माल सहज मिळतो, त्यालाच भाव सोडावा लागतो. तेव्हा आपल्या कारखान्याने स्वतःला विचारावा असा प्रश्न हा, की आपली घडण बँकॉकला जशीच्या तशी होऊ शकते का? ज्या नक्षीसाठी आणि ज्या मुदतीत काम पुरे करण्यासाठी खरेदीदार आपल्याकडेच येतो, तिथे भाव धरून ठेवण्याची ताकद अधिक असते. कारागिरांना मी हेच सांगेन, आणि त्यांचे काम गेले असेल तर त्याची भरपाई या विवेचनाने होत नाही, हेही त्यांच्यापासून लपवणार नाही.

प्रश्न : एवढे सगळे ठाऊक असताना राज्यकर्ते हा मार्ग पुन्हा पुन्हा का धरतात? तज्ज्ञांचे कोणी ऐकतच नाही का?
— एक निवृत्त अधिकारी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : न ऐकल्याचे मोठे उदाहरण १९३० सालचे आहे. आयातशुल्के वाढवणाऱ्या स्मूट-हॉली विधेयकावर सही करू नये असे आवाहन १,०२८ अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी केले होते आणि राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी तरीही सही केली. पण राज्यकर्त्यांना कळत नाही म्हणून ते असे करतात, हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. डेव्हिड ऑटर, अ‍ॅन बेक, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी २०२४ मध्ये अमेरिकेच्या वेगवेगळ्या भागांवर २०१८-१९ च्या शुल्कांचा काय परिणाम झाला ते मांडले. संरक्षण मिळालेल्या उद्योगांच्या भागांत रोजगार जाणवण्याइतका वाढला नाही आणि इतर देशांच्या प्रत्युत्तराने शेतीतला रोजगार घटला. तरीही संरक्षण मिळालेल्या भागांत ट्रम्प यांचा पाठिंबा वाढला. लोकांना फायदा झाला नसताना आपली बाजू कोणीतरी घेतली एवढे मोलाचे वाटले, असा त्याचा एक अर्थ लावता येतो, आणि मला तो पटतो, कारण याच संशोधकांपैकी तिघांनी २०१३ मध्ये दाखवले होते की चिनी आयातीचा फटका काही ठरावीक भागांनाच अधिक बसला, आणि त्यांच्याच नंतरच्या अभ्यासांत दिसले की ते भाग वर्षानुवर्षे सावरले नाहीत. ज्यांच्या नुकसानाची दखल दीर्घकाळ घेतली गेली नाही, त्यांच्या मताला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल.

प्रश्न : मग भारताने १९९१ नंतर शुल्क कमी केले, त्याचा लाभ सर्वांना झाला असे मानावे का?
— राज्यशास्त्राचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : पेटिया टोपालोवा यांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी अवश्य वाचा. १९९१ च्या जनगणनेतून कोणत्या जिल्ह्यात किती लोक कोणत्या उद्योगात आहेत ते घेऊन, शुल्ककपातीची झळ कोणत्या जिल्ह्याला अधिक लागणार हे त्यांनी आधी ठरवले आणि १९८७-८८ व १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतील दारिद्र्याशी ते ताडून पाहिले. झळ अधिक लागलेल्या ग्रामीण जिल्ह्यांत दारिद्र्य कमी होण्याचा वेग मंदावला होता. माणसे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात किंवा एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात सहज जाऊ शकत नव्हती, हे त्याचे मुख्य कारण, आणि ज्या राज्यांत कामगार कायदे अधिक ताठर होते तेथे परिणाम तीव्र होता.

हा अभ्यास वापरताना एक काळजी घ्या. त्यात जिल्ह्यांची एकमेकांशी तुलना आहे. त्या काळात देशातले दारिद्र्य एकंदरीने घटले, आणि खुल्या व्यापाराने संपूर्ण देशाला किती दिले हे जिल्ह्या-जिल्ह्यांतील फरकावरून काढता येत नाही. ‘उदारीकरणाने दारिद्र्य वाढवले’ या वाक्याला आधार म्हणून तो दिला, तर ती त्याची चूक मांडणी ठरेल. निबंधात लिहायचे ते इतकेच, की ज्या जिल्ह्यांचे उद्योग परदेशी स्पर्धेला उघडे पडले तेथील गरिबांना त्या लाभाचा वाटा तुलनेने कमी मिळाला.